रडार आणि परत आलेला नारळ

आमच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढे, सरकारने ओळीने खांब रोवले तेव्हा मी गावभर सांगत सुटले, की आता सरकारपण बोंबील वाळवणार. आमच्याकडे वाळूत ओळीने काही रोवलेलं दिसलं की ती बोंबील वाळवायची वलांडी, दुसरं काय असणार? पुढे कळलं की ते रडार आहे. समुद्राचं पाणी कुठून कुठे चाललंय ते जमिनीवरून बघायचं यंत्र. तेव्हाही मी म्हटलंच, "पाणी कुठे चाललंय ते बघायला यंत्र कशाला? डोळे फुटलेत का?"

हे बोलणारी बाई म्हणजे मी. समुद्रापासून दहा मिनिटांवर जिची हयात गेली आणि भरती कधी, ओहोटी कधी, हे जिला कधी धड सांगता आलं नाही. आम्ही वटार गावच्या बाजूचे वाडीवाले. पानवेल, केळी, मोगरा. आमचं सगळं लक्ष विहिरीच्या पाण्याकडे. समुद्र आपला पाठीमागे गरजत असतो, शेजाऱ्याच्या रेडिओसारखा.

त्या रडारवर एक मुलगी कामाला आली. लातूरकडची. केळी घ्यायला वाडीत यायची. एकदा मी ऐकीव ज्ञान पाजळलं, "आज भांग आहे, पाणी काही फार चढायचं नाही." तर ती घाबरून म्हणाली, "नको आजी, मी ड्युटीवर आहे." भांग म्हणजे लहान भरती, हे तिला समजावता समजावता आमची मैत्री झाली.

आता नारळाचं सांगते. आमच्या घरची रीत अशी, की नारळी पौर्णिमेला वाडीतला पहिला नारळ घरातल्या सर्वांत नव्या सुनेने समुद्राला द्यायचा. यंदा तो मान नातसुनेचा. ती फुलपाड्याची, नोकरीवाली. लग्नाला दोन महिने झाले आणि माझा नातू मालवाहू जहाजावर निघून गेला. त्या दिवशी तिला ऑफिसातून यायला उशीर झाला. बाकीच्या बायका चारलाच नारळ सोडून मोकळ्या झाल्या होत्या. हिने दिवेलागणीला नारळ सोडला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर नारळ पायाशी. पुन्हा सोडला, पुन्हा आला. पोरंटोरं हसली. आमची चुलत जाऊबाई मात्र हसली नाही. माझ्या कानात बोलायचं म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "समुद्राने घेतला नाही हो. आणि नवरा तर पाण्यावर!"

पोरगी हसून म्हणाली, "मी असलं काही मानत नाही." आणि त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. फोन हातातून सुटेना. जहाजावर रेंज नसते, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी ताट समोर आणि डोळे फोनवर. चौथ्या दिवशी मी तिच्या कपाटात चादर ठेवायला गेले, तर साड्यांच्या मागे तो नारळ. लपवलेला.

तो बघितला आणि मी चादर घेऊन तिथेच खाली बसले. कारण मीही असाच एक नारळ लपवला होता.

पन्नास वर्षं होऊन गेली. मी नवी सून, दिसायला बरी होते आणि ते मला फारच माहीत होतं. त्या पौर्णिमेला मी आरशासमोरून हलेना. गजरा डाव्या बाजूला की उजव्या, यात सूर्य कलला. सासूबाई ओरडून ओरडून थकल्या आणि पुढे गेल्या. मी उशिरा, एकटीच, दिमाखात किनाऱ्यावर पोचले, नारळ सोडला, आणि तो परत आला. कुणी बघितलं नाही. मी तो पदराखाली घेतला आणि दुसऱ्या दिवशी वाडीत बसून चोरून खाल्ला. मग त्या उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ झाली. झालं! ही महामाया, म्हणजे मीच, समजून बसली, की अरबी समुद्र एवढा मोठा, तो आपल्यावर रुसला आणि जमिनीखालून आपल्या विहिरीपर्यंत चालत आला. किती तो स्वतःचा मोठेपणा! पण भीती खरी होती. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मी नातसुनेला म्हटलं, "चल, नारळ घे. त्या रडारवाल्या पोरीकडे जाऊ."

"आजी, तिथे काय करायचं?"

"साक्षीदार आहे तिथे."

खांबांमागच्या खोलीत थंडगार हवा आणि एक पडदा. त्यावर आमचा किनारा, आणि पुढे समुद्रभर बाण, शेकडो. कुठे वळणारे, कुठे गोल फिरणारे, जणू पाण्याच्या केसांतून कुणी फणी फिरवली होती. मी आयुष्यभर ज्याला नुसतं 'पाणी' म्हटलं, त्याच्या पोटात एवढे रस्ते!

"हे खांबांना दिसतं कसं ग?" मी विचारलं.

"दिसत नाही आजी. आम्ही रेडिओच्या लहरी सोडतो. त्या समुद्राच्या लाटांवर आपटतात आणि परत येतात. परत येताना त्यांच्यात जो फरक पडतो, त्यावरून पाण्याचा वेग कळतो. समुद्राने परत दिलंच नाही, तर आम्हाला काहीच कळणार नाही."

नातसुनेने मान वर केली. मुलगी सांगत होती, "आणि एकट्या रडारला पाणी जवळ येतंय की लांब जातंय एवढंच कळतं. खरी दिशा हवी तर किनाऱ्यावर लांब दुसरं रडार लागतं. दोघांचं जुळवून हा बाण निघतो."

"म्हणजे सासूचंही ऐकायचं आणि सुनेचंही," मी म्हटलं.

मग तिला पौर्णिमेची संध्याकाळ काढायला सांगितली. तिने आधी चारचं चित्र लावलं. सगळे बाण किनाऱ्याकडे पाठ करून निघालेले. मग साताचं. तेच बाण वळलेले, तोंडं आमच्याकडे. मैलच्या मैल समुद्र, अख्खाच्या अख्खा, आमच्या गावाकडे यायला निघाला होता.

"अगदी काठाजवळचं याला नीट कळत नाही," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली. "पण पौर्णिमेला दुपारी भरती पूर्ण होते, संध्याकाळपर्यंत पाणी उतरतं आणि दिवेलागणीला परत चढायला लागतं. तेव्हा काठावरून काहीही टाका, परतच येणार."

नातसुनेने त्या बाणांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "यात त्यांचं जहाज दिसतं?"

"नाही हो ताई. एवढ्या लांबचं नाही दिसत."

"बरं," ती म्हणाली. डोळे पुसले. "म्हणजे समुद्राने नाकारलं नाही. मला फक्त उशीर झाला."

"मलाही," मी म्हटलं, आणि गजऱ्यासकट सगळं सांगून टाकलं. दोघी पोरी हसून हसून वाकल्या.

परतताना वाटेत आमची मासेवाली भेटली, पाटी घेऊन. तिला मोठ्या ऐटीत रडारचा शोध ऐकवला, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो बाय, पानी चढताना नारल टाकलास तर येनारच की! मना विचारलास कवा?"

खरंच, नव्हतं विचारलं. पन्नास वर्षं तिच्याकडून बोंबील घेतले.

नारळ तिथेच दगडावर फोडला. मासेवालीला एक तुकडा दिला. नातसुनेने एक तोंडात टाकला, चार दिवसांनी पहिल्यांदा नीट चावून काहीतरी खाल्लं.

"गोड आहे, आजी," ती म्हणाली.

माझाही गोडच होता. पण तेव्हा सांगणार कुणाला?