नायिका दत्तक दिली

नायकाची उंची ठरवायची असली की मी नवऱ्याला दारात उभं करते. तो वाळूजला कंपनीत निघालेला असतो, हातात डबा, खांद्यावर आमचं रांगतं बाळ लाळ गाळत असतं, आणि मी त्याच्या छातीवर डोकं टेकवून बघते की नायिकेचा कान नेमका कुठं येईल. कान येतो शर्टाच्या खिशाशी, आणि खिशातलं कंपनीचं ओळखपत्र गालाला टोचतं. कादंबरीत मी ओळखपत्र काढते आणि तिथं हृदयाचे ठोके घालते. नवरा म्हणतो, "आटप, बस चुकली तर साहेबाचे ठोके मला ऐकावे लागतील."

मी प्रेमकथा लिहिते. मोबाइलवरच्या एका ॲपवर दर आठवड्याला एक भाग जातो. लोकांना वाटतं, अशी बाई खिडकीशी कॉफी घेऊन उसासे टाकत बसत असेल. माझ्या नायकाने नायिकेच्या केसांतून पहिल्यांदा बोटं फिरवली, तेव्हा माझी बोटं पहिलीतल्या लेकीच्या डोक्यात उवा शोधत होती. तो प्रसंग वाचकांना फार भावला. एकीने तर लिहिलं, किती हळुवारपणा!

दोन लेकरांच्या संसारात बायका जसं फ्रिजमध्ये वाटण करून ठेवतात, तसे मी फोनमध्ये परिच्छेद तयार ठेवते. पाऊस, विरह, दवाखाना, घरचं लग्न. लागेल तसा काढायचा, नावं बदलायची, वरून थोडं मीठ. यानेच घात केला.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं, शिक्षण चौथी, पण वाचायची आवड दांडगी. पुड्याचा कागदसुद्धा सरळ करून वाचायच्या. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि अक्षरं गेली. तेव्हापासून दिवेलागण झाली की मी त्यांच्या पलंगावर बसून नवा भाग वाचून दाखवते. लेकही कुशीत येऊन बसते. त्यामुळे नायक-नायिका जास्त जवळ आले, की मी घसा खाकरून म्हणते, "आणि मग सकाळ झाली." पोरीसमोर दुसरं काय म्हणणार? सासूबाईंसमोर तर त्याहून नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. आता टाळून चालणार नव्हतं. सासूबाईंनी चहात मीठ घातलं इथवर आम्ही हसत होतो, पण एके दिवशी त्यांनी बाळाच्या डोळ्यात काजळाऐवजी दंतमंजन घालायला घेतलं. मी हात धरला म्हणून वाचलं. त्या मात्र दर वेळी नवं कारण काढायच्या. शेवटी माझ्या मोबाइलकडं बोट करून म्हणाल्या, "ह्या दोघांचं लगीन लागू दे. घरात कार्य असताना डोळं फोडून घ्यायचं व्हय?"

लग्न माझ्याच हातात होतं, म्हणून मी बिनघोर होते. नायिकेच्या बहिणीचं लग्न उरकलं की नायिकेचाच नंबर. फ्रिजमधून 'घरचं लग्न' काढलं, घातलं, आणि संध्याकाळी वाचायला बसले. उंबराची डहाळी वाजतगाजत आणून देवक बसवलं, इथवर आले आणि सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"थांब. कुणाच्या घरी उंबर बसवलं म्हणलीस?"

"नायिकेच्या."

"मागं त्या पोराच्या भावाच्या लग्नात काय बसवलं होतं?"

मी मागचा भाग उघडला. तिथंही उंबर. वाटण एकच होतं. मला जवळून माहीत असलेलं देवक एकच, आमच्या सासरचं, माझ्याच लग्नात बघितलेलं.

आता हे ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगायला हवं. देवक म्हणजे घराण्याचं राखणीचं झाड. लग्नाआधी त्याची डहाळी घरात बसवतात. ज्या दोन घरांचं देवक एक, ती भावकी, आणि भावकीत सोयरीक होत नाही.

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर भाऊ-बहीण निघाले!"

लेक म्हणाली, "मग राखी बांधायची का?"

मी म्हटलं, "आई, एका मिनिटात बदलते. उंबर खोडून आंबा लिहिते."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की अर्धं दिसत असूनही ती नेमकी लागली. "बसवलेलं देवक खोडतीस? उद्या माझं म्हायेर खोडशील. आता लगीन नाय, अन् आपरेशन बी नाय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

ज्या वाचकांसाठी मी लिहिते त्यांतल्या एकीच्याही हे लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबून गंभीरपणे म्हणाला, "पण आईचं बरोबर आहे." तारीख जवळ येत होती, बाळ रांगत जाऊन त्यांच्याच पायात येत होतं, आणि मी मात्र दोन नसलेल्या माणसांच्या भावकीत अडकले होते. तयार वाटणापायी आमची म्हणजे घी देखा लेकिन बडगा नहीं देखा अशी गत.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून कन्नडला भावाला फोन लावायला सांगितला. ते तिकडचे जाणते, सोयरिकीत त्यांचा शब्द शेवटचा. फोन स्पीकरवर.

"पोरगा काय करतो?" मामांनी विचारलं.

"आर्किटेक हाय."

"सरकारी?"

"नाय."

"मग एवढी घाई कशापायी?"

"पोरगी लई गुतलीय रं त्याच्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर कापला. मी फोनपाशी तोंड नेऊन म्हटलं, "मामा, ही माणसं खरी नाहीत, कादंबरीतली आहेत." मामा म्हणाले, "ते कळलं मला. पण देवक तर खरंय ना?"

मामांनी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला, चार माणसांत विचार केला आणि निकाल कळवला. पोरगी दुसऱ्या देवकाच्या घरात दत्तक द्यायची, आणि त्या घरानं कन्यादान करायचं. "दुसरं घर कुठं शोधता? आमचंच घ्या. आमचं देवक कळंब हाय."

अशा रीतीने माझी करड्या डोळ्यांच्या नायकावर भाळलेली, बंगल्यात वाढलेली नायिका कन्नडला दत्तक गेली. वाचकांना मी काय सांगितलं ते विचारू नका. सासूबाई नात्याने तिच्या आत्या झाल्या आणि मानाच्या साडीचं विचारू लागल्या.

लग्नाचा भाग ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वाचला. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या. लेकीच्या मुठीत अक्षता, बाळाच्या तोंडात अक्षता. मी 'सावधान' वाचलं आणि तिघांनी मोबाइलवर तांदूळ उधळले. नवरा कामावरून आला, त्याच्या पायाखाली तांदूळ चुरले. कुणाचं लग्न म्हणून न विचारता तोही हात जोडून उभा राहिला.

सकाळी आम्ही दोघी रिक्षाने दवाखान्यात निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, सुईची भीती वाटत असेल. त्या समोर बघत म्हणाल्या, "दिसाया लागल्यावर तू कशाला बसशील गं माझ्यापाशी? तुला तरी सवड कुठंय."

म्हणजे ऑपरेशन टाळायचं कारण लग्नही नव्हतं, देवकही नव्हतं, हे होतं. मला एकदम रडू आलं. मी काहीतरी बोलले, पण मागच्या हॉर्नमध्ये ते मलाही ऐकू आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढं दुसरा डोळाही झाला, चष्मा आला, आणि सासूबाई घरभर वाचत सुटल्या. कॅलेंडर, गृहपाठ, बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख. दिवेलागणीला मी ओट्याशी असायचे आणि त्या पलंगावर पेपर घेऊन. मला वाटायचं, जाऊन बसावं. मग कुकर व्हायचा, बाळ रडायचं, राहून जायचं.

एका संध्याकाळी मी ओट्यापासून आत डोकावले, तर त्यांच्या हातात माझा मोबाइल. ती कादंबरी, पहिल्यापासून. जिथं जिथं मी सकाळ केली होती, ती प्रत्येक रात्र आता त्यांच्या डोळ्यांसमोर होती. माझी तव्यावरची भाकरी करपली. मी धरणीमाते पोटात घे म्हणत तशीच उभी राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. मी पदराला हात पुसत गेले. त्यांनी चष्मा काढून उशीखाली सारला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"अक्षरं लई बारीक हायेत," त्या म्हणाल्या. लेकीनं अक्षरं एवढी मोठी करून दिली होती, की पडद्यावर चारच शब्द मावत होते.

मी गॅस बंद करून आले आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसले. लेक बाहेर खेळायला गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि पाय पोटाशी घेतले.

"वाच," त्या म्हणाल्या. "अन् आज मधीच सकाळ करू नगं."