वाढत्या अंगाचे स्केट

माणिकरावांनी माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली, तेव्हा गाडीचे कागद बाहेर पडतील असं मला वाटलं होतं. पडले ते लहान मुलीचे गुलाबी स्केट. एका स्केटच्या टोकातून कापसाचा बोळा निघाला आणि घरंगळत माझ्या चहाच्या कपापाशी येऊन थांबला. कापूस घरचाच होता, सेनगावकडच्या त्यांच्या शेतातला.

"म्याडम, यंदा इन्शुरन्स कमीत कमी करा," ते म्हणाले. "लेकराला दुसरे स्केट घ्यायचे हायत."

मी हिंगोलीत गाड्यांच्या विम्याचं काम करते. प्रीमियम कमी करा, हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकते की झोपेतही माझी मान नकारार्थी हलत असेल. कुणाला ट्रॅक्टरचा हप्ता असतो, कुणाच्या घरी लग्न असतं. स्केटसाठी आलेलं गिऱ्हाईक मात्र पहिलंच. मी त्यांना बसवलं आणि चहा मागवला.

हकीकत अशी. त्यांची ईश्वरी तिसरीत. तिच्या शाळेसाठी कुटुंब हिंगोलीत राहतं आणि माणिकराव रोज गाडीने शेतावर जाऊन येतात. ईश्वरीने मोबाईलवर बर्फावर घसरणाऱ्या मुली पाहिल्या आणि तेच पाहिजे म्हणून हट्ट धरला. हिंगोलीत बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. तेवढ्यात शाळेत चाकांच्या स्केटिंगचा क्लास सुरू झाला आणि बर्फाचं प्रकरण सिमेंटच्या ग्राउंडवर मिटलं. माणिकराव हौसेने नांदेडला गेले आणि स्केट घेऊन आले. घेतले कसे, तर आपल्याकडे सगळं घेतात तसे. वाढत्या अंगाचे.

फ्रॉक असो, गणवेश असो, चप्पल असो, आपण मुलांना दोन नंबर मोठंच घेतो. आज ढगळ असलं तरी पुढच्या वर्षी बसेल, हा हिशोब. मीही अशाच फ्रॉकमध्ये वाढले. पण स्केट म्हणजे फ्रॉक नव्हे. क्लासच्या सरांनी माणिकरावांना नंतर समजावलं होतं ते असं: पहिला स्केट पायाला घट्ट बसला पाहिजे. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवल्यावर टाच आतल्या आत वर सरकू नये. घोटा आवळून धरेल असा बूट हवा. पाय आत हलला की घोटा मुरगळतो, मग चाकं कितीही भारी असोत.

ईश्वरीचा पाय आत हलत होता. त्यावर घरचा उपाय म्हणून पुढे कापूस कोंबला. ती पडत राहिली, घोटा सुजला, आणि मग तिने ग्राउंडवर जाणंच सोडलं. शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलं होतं. मापाचे स्केट असतील तरच तिला कार्यक्रमात घेईन, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. तिकडे ईश्वरीच्या आईचं म्हणणं, नवेकोरे स्केट घरात पडून असताना दुसरे कशाला? घ्यायचेच असतील तर गाडीच्या खर्चातून वाचवा.

"पोरगी भांडत न्हाई, म्याडम," माणिकराव म्हणाले. "नुसती गप बसून राहिली. भांडली असती तं बरं झालं असतं."

हे ऐकून मला भरून आलं. पण भरून आलं म्हणून प्रीमियम कमी होत नाही. आम्ही कामाला लागलो.

माणिकरावांनी जुनी गाडी नुकतीच घेतली होती. आधीच्या मालकाची पॉलिसी संपत आली होती आणि आता त्यांच्या नावाने पहिली निघणार होती. त्यांची पहिली सूचना, फक्त थर्ड पार्टी काढा. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. कायद्याने ती लागतेच. पण आपल्या गाडीला काही झालं तर तिच्यातून काही मिळत नाही. मी विचारलं, सेनगाव रोडला रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात का? ते म्हणाले, येतात म्हणजे काय, कळपानं येतात. मग रोह्याकडून भरपाई कशी घ्यायची ते ठरवा, मी म्हटलं. ते हसले आणि थर्ड पार्टीचा विषय संपला.

दुसरी सूचना, आयडीव्ही खाली आणा. आयडीव्ही म्हणजे झीज वजा जाता गाडीची आजची किंमत. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे मिळतात. ती मुद्दाम कमी दाखवली की प्रीमियम थोडा उतरतो आणि वेळ आली की माणूस पस्तावतो. मी त्यांना म्हटलं, "माणिकराव, लेकराचा स्केट तुम्ही ढगळ घेतला आणि गाडीचा विमा आता तंग मागताय. एकदा तरी मापाचं घ्या."

त्यांनी स्केटकडे पाहिलं आणि कापूस उचलून खिशात घातला.

जादाची कव्हरं मी वगळली. जुन्या गाडीला न शोभणारी एक-दोन होती. थोडं वाचलं, पण स्केट येतील एवढं नाही. मग मला आठवलं की त्यांच्याकडे आधी एक गाडी होती. तिच्यावर कधी क्लेम घेतला होता का? नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मग तुमचा एनसीबी कुठे आहे?

क्लेम न घेतल्याबद्दल कंपनी दरवर्षी प्रीमियममध्ये सूट वाढवत नेते. तिला नो क्लेम बोनस, म्हणजेच एनसीबी म्हणतात.

"तो तं गाडीसोबत गेला," माणिकराव म्हणाले. "गाडी दाजीला देल्ली ना, शिरड शहापूरला. इन्शुरन्स चालूच व्हता, तसाच देल्ला."

दाजी म्हणजे त्यांच्या बहिणीचे यजमान. इथेच गाडी अडकली होती. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो आपल्यापाशी राहतो आणि पुढच्या गाडीला लावता येतो. पण त्यासाठी जुनी पॉलिसी दाजींच्या नावावर व्हायला हवी, आणि ती होताना सुटीचा फरक दाजींनी कंपनीकडे भरायला हवा. तो भरला की कंपनी माणिकरावांना बोनसचं पत्र देते. त्या पत्रावर ईश्वरीचे स्केट सहज येत होते.

माणिकराव उठलेच. म्हणाले, राहू द्या. जावयाच्या गाडीत पेट्रोलसुद्धा आपण भरून द्यायचं असतं आणि तुम्ही त्याला फरक भरायला सांगता.

"बहीण काय म्हणल? लेकरासाठी दाजीपुढं हात पसरला म्हणल. मह्यानं न्हाई व्हायचं."

मी त्यांना पुन्हा बसवलं. म्हटलं, हात पसरायचा प्रश्नच नाही. गाडीची नोंदणी, म्हणजे आरसी, दाजींच्या नावावर आणि पॉलिसी तुमच्या नावावर, अशा गाडीला उद्या रोही धडकला तर दाजींना दमडी मिळणार नाही. हे त्यांना न सांगणं हाच खरा अपमान. फोन मी करते, तुमचं नाव घेत नाही. माणिकराव उठले. स्केट तिथेच विसरून निघून गेले. मी ते कपाटावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. सोबत माणिकरावांची बहीण आणि त्यांची पाचवीतली मुलगी गौरी. दाजी शेतीवाडी सांभाळून असलेले, मोजकं बोलणारे. मी फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं, आरसी काढून दिली आणि मग विचारलं, "हे माणिकनं बोलायला सांगितलं काय?"

नाही म्हटलं असतं तर ते अर्धंच खरं झालं असतं. मी म्हटलं, नियम मी सांगितला, ते तर तुम्हाला सांगूच नका म्हणत होते. आणि कशासाठी विचारत होते तेही सांगून टाकलं.

दाजींनी टेबलावरची आरसी उलटसुलट करून पाहिली. एखादं गिऱ्हाईक गेलं तर चालतं, पण बहीण-भावात माझ्यामुळे वितुष्ट आलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"लग्नाला बारा वर्षं झाली," दाजी शेवटी म्हणाले. "अजून मला पाटावर बसवून ठेवून राहिला हा. लेकराच्या कामाला विचारलं असतं तं बराबर वाटलं असतं." आणि त्यांनी फरक भरला. बहिणीने पदराने डोळे पुसले आणि भावाला दोन शिव्या घातल्या. त्यात रागापेक्षा मायाच जास्त होती.

तेवढ्यात गौरीला कपाटावरचे स्केट दिसले. हात लावू का, असं तिने विचारलं. मी काढून दिले. तिने पाय घातला, बोटं पुढे जेमतेम टेकली. गुडघे वाकवायला लावले, टाच हलली नाही. कापूस लागला नाही. मी माणिकरावांना फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, तिचेच समजा, मामानं भाचीला देल्ले. त्याला दाजीनं न्हाई म्हणू नये.

बोनसचं पत्र आलं, माणिकरावांची पॉलिसी निघाली आणि ईश्वरीचे नवे स्केट आले. या वेळी मापाला सर स्वतः दुकानात गेले होते. माणिकरावांनी तिथेही एक नंबर मोठा दाखवा म्हणून बघितलं, असं नंतर कळलं. मोठ्या जोडाकडे गेलेला बापाचा हात ईश्वरीने धरून खाली ओढला.

गॅदरिंगला मला आग्रहाचं बोलावणं होतं. ईश्वरी ग्राउंडभर फिरली आणि पडली नाही. शेवटच्या वळणावर तिने प्रेक्षकांत कुणाला तरी हात केला. मी मागे वळून पाहिलं. माणिकराव पायरीवर बसले होते. दाजींसाठी पुढे खुर्ची ठेवलेली होती, ती रिकामी. दाजी पायरीवरच माणिकरावांना खेटून बसले होते आणि दोघं मिळून हात हलवत होते.

यातून धडा घ्यायचाच तर एवढाच, की विमा आणि स्केट आजच्या मापाचे घ्यावेत. आणि घरच्या माणसाला दोन शब्द विचारायला मध्ये एजंट लागू नये. तसं सगळे वागायला लागले तर माझं अर्धं काम बंद पडेल, पण तूर्त ती काळजी नाही.