चिठ्ठी परत देणाऱ्या बाई

श्रीमती शालिनीबाई भालेराव यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझी एक लांबलचक प्रार्थना संपल्यावर. चिंचवडला आमच्या ख्रिस्ती मंडळीची तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. दर शुक्रवारी, पहिली पाळी सुटली की, आम्ही कामगार एका शाळेच्या वर्गात प्रार्थनेला जमत असू. फळ्यावर बहुधा मुलांना शिकवलेली कविता अर्धवट पुसलेली असे. उरलेल्या शब्दांवरून आख्खी ओळ ओळखण्याचा माझा खेळ चाले. मी नगरकडच्या मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. पोटासाठी फिटर झालो, पण जीव अडकला तो क्रमिक पुस्तकातल्या कवितांत. गुरुजी चाल लावून म्हणत आणि आम्ही पन्नास मुलं मागून. ती चाल अजून माझ्या कानात आहे, बाकी पुष्कळ काही गेलं.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी मला, नव्या माणसाला, प्रार्थना करायला सांगितलं. मी चंद्र आणला, तारे आणले, डोंगरातून झुळझुळणारे झरे आणले. डोळे उघडले तेव्हा सगळे खुशीत दिसले. फक्त शेजारच्या बाकावरच्या एक बाई माझ्याकडे काळजीने पाहत होत्या. त्याच शालिनीबाई. त्या मूळच्या मावळातल्या, बोलणं अजून तिकडचंच. म्हणाल्या, "लई ग्वाड बोलता. पर तुमची लेक तापानं आजारी हाय म्हनं. तिचं नाव न्हाई आलं."

खरंच आलं नव्हतं. घरी माझी थोरली तीन दिवस तापाने फणफणत होती आणि मी देवाला झऱ्यांची वर्णनं ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून बाई आमच्या दारात. "सलाम," हा आमच्यातला नमस्कार करून म्हणाल्या, "लेक कुठाय?" तिच्या उशाशी बसल्या, कपाळाला हात लावला, शाळेत कोणती मैत्रीण आवडते ते विचारलं, चहा घेतला आणि मग दोन वाक्यांची प्रार्थना केली. त्यात मुलीचं नाव होतं आणि मैत्रिणीचंही.

बाईंचा हा नियम पन्नास वर्षांत मोडलेला मी पाहिलेला नाही. पाहिल्याशिवाय प्रार्थना नाही. कुणी म्हणालं, "बाई, माझ्या भावासाठी प्रार्थना करा," की त्या विचारणार, "राहतो कुठं? घरी कधी असतो?" रहाटणी असो, देहूरोड असो, पीएमटीच्या बसने जाणार, माणूस बघणार, त्याच्या घरात बसणार. "ज्याला म्या बघितलंच न्हाई, त्याच्याबद्दल देवाला काय सांगू?" असं त्यांचं म्हणणं. देवाला सगळं ठाऊक असतं हे त्यांना कबूल आहे. पण आपल्याला ठाऊक नसतं ना, म्हणतात.

बाईंची नोकरी पंख्याच्या कारखान्यात, मोटरच्या कॉईल गुंडाळण्याची. निवृत्तीपर्यंत तेच काम. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? त्यांनी सांगितलं ते मी इथे लिहून ठेवतो, कारण त्यांनी ते कुठल्या सभेत कधीच सांगितलं नसतं. प्रत्येक कॉईल संपली की, तो पंखा ज्या घरात जाऊन फिरेल त्या घरासाठी त्या मनातल्या मनात एक वाक्य बोलत. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. "इथं मातर बघायला जाता येत न्हाई," असं जरा ओशाळून म्हणाल्या, जणू नियम मोडल्याची कबुली देत होत्या. तेव्हापासून उन्हाळ्यात कुणाकडे गेलो, वर पंखा फिरताना दिसला की मी बोलता बोलता थांबतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला विसर पडला. मला शब्द सुचत नाहीत एवढंच. इतकी वर्षं, इतकी घरं, आणि कुणालाच पत्ता नाही.

आमच्या मंडळीत बाईंनी सुरू केलेली एक रीत आहे. जुन्या लुगड्याच्या काठाची त्यांनी शिवलेली एक पिशवी शुक्रवारी दाराशी टांगलेली असते. ज्याला प्रार्थनेची गरज आहे त्याने चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची. बाई त्या एकट्या वाचतात, आठवडाभर त्या त्या घरी जातात. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेची वेळ आली की पिशवी वेदीपाशी ठेवून एवढंच म्हणतात, "प्रभू, यातली नावं तुला ठावं हायत." पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्या त्याच्या हातात परत. "घे, तुझं तुला. निरोप पोचला." एकही चिठ्ठी त्यांच्याकडे राहत नाही. मी मंडळीचा सेक्रेटरी. मला वाटे, हे काही बरोबर नाही. एवढ्या प्रार्थना, आणि नोंद नाही, उच्चार नाही, भाषा नाही.

आणि मग ती संधी आली. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शनिवारी दवाखान्यात जाताना त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "सेक्रेटरी, उद्या वेदीपाशी ठेवा. उघडू नका."

मी उघडली. वाईट हेतू नव्हता, एवढंच माझ्या बाजूने सांगतो. लोकांच्या दुःखाला जरा सुंदर शब्द मिळावेत असं मनापासून वाटलं. शनिवारचा उरलेला दिवस बसून मी प्रार्थना रचली. एक चिठ्ठी थेरगावच्या प्रकाशची होती. "चाकणची नोकरी जाऊन दोन महिने झाले. घरी सांगायचं बळ मिळावं म्हणून प्रार्थना करावी." दोन ओळी होत्या. मी दोन्ही वाचल्या होत्या, पण मनात शिरली ती पहिली, कारण तिच्यावरून मला 'संसारनौका' हा शब्द सुचला आणि तो मला फार आवडला.

रविवारी माईकसमोर उभा राहिलो. "प्रभो, चाकणच्या कारखान्याचे दार ज्यांच्यासाठी मिटले, ते आमचे बंधू प्रकाश, त्यांची संसारनौका..." इथवर आलो आणि बायकांच्या बाजूने बाक सरकल्याचा आवाज झाला. प्रार्थनेत डोळे उघडू नयेत, मी उघडले. प्रकाशची पत्नी रजनी उभी होती. तिने पर्स उचलली आणि सगळ्या डोळे मिटलेल्या माणसांमधून ती बाहेर गेली. प्रकाश खाली मान घालून बसून राहिला. मी प्रार्थना पुरी केली. नौका किनाऱ्यालाही लावली.

सोमवारी दुपारी माझ्या दारात रिक्षा थांबली. काळा चष्मा लावलेल्या बाई आतूनच म्हणाल्या, "बसा."

"बाई, डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर पडायला..."

"बसा म्हनते ना."

रिक्षा काळेवाडीपर्यंत आली. मग म्हणाल्या, "प्रार्थना छान झाली म्हनं."

मी बाहेर रस्त्याकडे पाहू लागलो.

"देवाशी बोलत हुता का माईकशी?"

मी म्हणालो, बाई, मी जाऊन त्यांची माफी मागतो. त्या म्हणाल्या, "माफी मागाहून. आधी बघायचं."

थेरगावला प्रकाशच्या घराचं दार रजनीने उघडलं. मला पाहताच म्हणाली, "मावशी, तुम्ही या. यांना बाहेर थांबू द्या."

"ते बाहेर तर मी बी बाहेर," बाई म्हणाल्या. "जिन्यात बसतो दोघं म्हातारी. पानी तेवढं दे."

रजनी दारातून बाजूला झाली. आत प्रकाश भिंतीला टेकून खाली बसला होता. कोपऱ्यात एक भरलेली बॅग होती. ती माहेरची तयारी होती हे सांगावं लागलं नाही. मी हात जोडून म्हणालो, "रजनीताई, माझ्या हातून जो घोर प्रमाद..." बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुमी आता काई बोलू नका."

मग रजनीच बोलली. "नोकरी गेली म्हणून मी चिडले नाही, मावशी. नोकऱ्या जातात. दोन महिने मी रोज पहाटे उठून यांचा डबा भरतेय. संध्याकाळी विचारते, भाजी कशी होती. हे म्हणतात, मित्रांना पण आवडली. कुठले मित्र?" ती नवऱ्याकडे वळली. "सांग ना मावशींना. कुठं खात होतास?"

प्रकाश म्हणाला, "देहूरोडला. दफनभूमीत. आईपाशी बसून."



"तुला सांगायचं होतं," तो रजनीला म्हणाला. "म्हणूनच चिठ्ठी टाकली होती."

"चिठ्ठी देवाला टाकलीस," रजनी म्हणाली, "आणि मला माईकवरून कळलं. सगळ्यांच्या बरोबर. भाजी निवडताना एकदा म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

मला वाटलं, आता बाई प्रार्थना करतील. त्या रजनीला म्हणाल्या, "आज तू कर."

"मला नाही येत."

"मग नको करू. बसू या."

आणि आम्ही बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वर पंखा फिरत होता, टक टक वाजत होता. शाळेत एखादी कविता संपल्यावर गुरुजी पुस्तक मिटत आणि वर्गात क्षणभर काहीतरी उभं राहिल्यासारखं वाटे. त्याला नाव नव्हतं. तेच त्या खोलीत आलं. बाई मांडी घालून, काळ्या चष्म्याआड डोळे मिटून बसल्या होत्या आणि काहीही करत नव्हत्या. मला मात्र वाटत होतं की त्यांनी ती आख्खी खोली दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे, खाली पडू नये म्हणून. बाक सरकला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. हे भय वेगळं होतं. ज्याच्याशी मी आयुष्यभर झऱ्यांबद्दल बोललो तो खरोखर ऐकायला आलेला असावा, असं वाटण्याचं ते भय.

रजनी एकाएकी म्हणाली, "देवा, उद्या डबा भरू का नको, तेवढं सांग."

"आमेन," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

मी पुष्कळ मोठमोठ्या उपदेशकांना ऐकलं आहे. त्या वाक्याच्या जवळ जाणारं मी काही ऐकलेलं नाही. आणि बाईंनी शब्दही न उच्चारता ते त्या मुलीपर्यंत कसं आणलं, हे मला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी रजनीने डबा भरला. दोघांचा. आणि नवऱ्याबरोबर ती देहूरोडला गेली. सासूच्या कबरीशी बसून दोघांनी जेवण केलं आणि तिथे काय बोलायचं ते बोलले. बॅग संध्याकाळी रिकामी झाली. हे मला स्वतः प्रकाशने पुढे सांगितलं, आणि दोघांना विचारूनच मी इथे लिहितो आहे. या वेळी विचारलं. रजनीने हा मजकूर वाचून एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं आहे.

चार महिन्यांनी प्रकाशला रहाटणीत रफिकभाईंच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. रफिकभाईंच्या आईच्या आजारपणात बाई तिला भेटायला जात, ती ओळख. मंडळीत लोक म्हणू लागले, बाईंच्या प्रार्थनेने नोकरी लागली. बाई उखडल्या. "नोकरी रफिकभाईनं दिली. त्याला सलाम करा. पगार पैल्यापेक्षा कमी हाय, ते बी सांगा." प्रार्थनेने काय होतं मग, असं मी विचारलं. म्हणाल्या, "मानूस जाग्यावर ऱ्हातो." पाळकसाहेबांनी वेदीवरून प्रार्थनेचं महत्त्व अनेकदा सांगितलं, उत्तम सांगितलं, पण मंडळी कशावर उभी आहे ते मला या तीन शब्दांत कळलं.

माईकच्या त्या रविवारनंतरच्या शुक्रवारी बाईंनी प्रकाशची चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली आणि त्याच्या हातात दिली. नेहमीचं वाक्य म्हणाल्या नाहीत. मला दोष दिला नाही, त्यानंतर तो विषयही काढला नाही. मी मात्र पुन्हा मंडळीत मोठ्याने प्रार्थना केली नाही. भीती बसली. वर्षं गेली. बाई पिशवी माझ्यासमोरून न्यायच्या, थांबायच्या नाहीत, हसायच्या मात्र.

आता बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागतं आहे. त्यानिमित्त मंडळी काढत असलेल्या या गौरवग्रंथाची आणि आभारप्रार्थनेची बैठक झाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "रविवारची प्रार्थना सेक्रेटरी करतील." मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग कारेक्रम नको."

घरी येऊन मी वही काढली. सवय कुठे जाते? दीपस्तंभ आला, वटवृक्ष आला. दोन पानं भरली आणि लाज वाटून थांबलो. नियम आठवला. पन्नास वर्षांत मी बाईंना प्रार्थनेसाठी म्हणून कधी पाहायला गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यांच्या खोलीत बसलो, चहा घेतला, विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवं आहे?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.  "गुडघं," म्हणाल्या, "जिने चढायला हवंत." मग उठल्या, एक कागद घेतला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि पिशवीत न टाकता माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यांची स्वतःची ही पहिली चिठ्ठी. मी ती घरी येऊन वाचली. तिच्यात काय आहे ते या ग्रंथात येणार नाही, आणि रविवारी माईकवरही येणार नाही.

तेव्हा वाचकहो, रविवारी माझी प्रार्थना फार आखूड वाटली तर समजून घ्या. ती इथेच लिहून टाकतो. प्रभू, शालिनीबाईंना भरपूर वर्षं दे, आणि त्या वर्षांना पुरतील असे गुडघे दे. बाकीचं तुला ठाऊक आहे. पुढच्या शुक्रवारी मी चिठ्ठी घेऊन त्यांच्या दाराशी जाईन आणि म्हणेन, घ्या बाई, तुमचं तुम्हाला. निरोप पोचला. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि त्यांच्या हातात परत द्यायची, असे अजून पुष्कळ शुक्रवार आम्हाला मिळोत.