उष्टी हळद

वसमतहून हिंगोलीला येणाऱ्या एसटीत तो रोज माझ्या पुढच्या बाकावर असतो. हळदीच्या मार्केटात पोती भरतो, त्यामुळे बोटं कायम पिवळी. बसला की मोबाईलवर जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावतो. एकदा मला म्हणाला, "आताच्या हिरोइनी कवा येतात, कवा जातात, समजत न्हाई. ह्या बाया जिना उतरायच्या, तवर माणसाचा चहा पिऊन व्हायचा!"

परवा त्याची बायको सोबत होती. सिनेमात नायिकेनं हळूच मान वळवली. याला राहवलं नाही. चित्र थांबवायला त्यानं बोट लावलं आणि तिच्या गालावर हळदीचा ठसा उमटला. साऱ्या सिनेमात तेवढाच एक रंग.

बायको कडाडली, "नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावून राहिले का? आता अक्षता बी टाकू?"

सगळी बस हसली. तो गडबडला. "अगं, माझ्या मायच्या वयाची हाय ती!"

बायकोनं मोबाईल ओढून घेतला, पदरानं तो गाल पुसला आणि पाहतच राहिली.

"इतक्या देखण्या बाईचं वय काढून राहिले? लाज न्हाई वाटत?"

हिंगोलीपर्यंत मोबाईल तिच्याच हातात होता. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून, मान वाकडी करून बघत होता.