दार नसलेल्या खोलीतली जाऊ

कम्प्युटरवर संसार मांडायचा एक खेळ असतो. माणूस आपणच घडवायचं, त्याला घर द्यायचं, नोकरी द्यायची, त्याची भूक, झोप, मनःस्थिती सांभाळायची. माझा मुलगा बेळगावला शिकायला गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप घरी राहिला आणि त्यात हा खेळ. जाताना तो मला म्हणाला, पंधरा दिवसांत कंटाळशील, सगळेच कंटाळतात. पहिल्यांदा मजा वाटते, मग तेच तेच उठणं, जेवणं, कामाला जाणं. मी दोन वर्षं खेळले. कचेरीतून आले की चहाचा कप मेजावर ठेवून रोज तासभर. सुट्टीला आला की तो विचारायचा, आई, यात एवढं काय आहे? त्याला कळणार नव्हतं. त्याच्यापाशी छळायला कुणी नव्हतं आणि माझ्यापाशी माझी थोरली जाऊ होती.

मी डूख धरणारी आहे. माहेरी इब्रामपूरला आई म्हणायची, हिचा राग कुळथासारखा, कितीही शिजवा, अख्खाच राहतो. तर जावेने काय केलं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मीच कैदाशीण.

आमचं सासरचं घर डिचोलीकडे, खाणीच्या रस्त्यावर. घर एक, मधल्या भिंतीने दोन झालेलं. सासू होती तोवर चवथीचा गणपती एकत्र बसायचा. ती गेल्यावर दोघा भावांनी पाळी ठरवली, एक वर्ष त्यांच्या खोलीत, एक वर्ष आमच्या. पहिलं वर्ष त्यांचं झालं. दुसऱ्या वर्षी माझी पहिली पाळी आली. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो, लाकडी चौकटीला रानातली फळं, सुपारीचे घोस, नारळांचा घड असं टांगून. ज्याची माटोळी गच्च त्याचं वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, नाव. बाजारात हल्ली सगळं मिळतं, पण माझे वडील बाजारातलं आणू द्यायला तयार नव्हते. चवथीला सहा दिवस असताना ते स्वतः रानात फिरले, टिकणारी फळं निवडली आणि पोतं खांद्यावर घेऊन दोन बसगाड्या बदलत आमच्याकडे आले. मी कचेरीत होते. पोतं जावेच्या हाती देऊन ते परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले.

मी इब्रामपूरला धावले. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून मी सासरी परत आले, तर माटोळीची चौकट जावेच्या खोलीत लागलेली. तिने भटजींना, दिराला, माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं होतं की मला पुरे दहा दिवस आहेत. माझ्या डोळ्यांना धार लागलेली, भांडायला तोंडात जीव नव्हता. नवरा म्हणाला, सणावारी तंटा नको. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून माझ्याच पाळीचा गणपती पाहिला. आणि त्याच्या डोक्यावर माझ्या बापाची फळं. सुतक मला लागलं होतं, पोत्याला नव्हतं. येणारा जाणारा म्हणत होता, यंदाची माटोळी काय गच्च बांधलीय, आणि जाऊ मान खाली घालून हसत होती.

महिन्याभराने मी लॅपटॉप उघडला आणि तिला घडवली. रुंद कपाळ, आत वळलेला ओठ, डाव्या बाजूला झुकती चाल. साडी त्या खेळात नव्हती, म्हणून तिच्या आवडीचा मोरपंखी रंग असलेला झगा घातला. मग चार भिंती उभ्या केल्या आणि दार लावलं नाही. आत एक चूल ठेवली, बसायला काही नाही. ती उभी राहून दमायची, हात हलवून माझ्याकडे वर बघत ओरडायची. मी चहा प्यायचे. खोटं कशाला बोलू, अतिशय बरं वाटायचं. कचेरीत कुणी दुखावलं, घरी नवरा गप्प बसला, की मला संध्याकाळची ओढ लागायची.

पण त्या खेळातल्या माणसांना एक खोड असते. ती विसरतात. दोन दिवस उपाशी ठेवून तिसऱ्या दिवशी ताट दिलं की जाऊबाई पुन्हा हसतमुख. मी कशासाठी छळतेय हे तिला कळायचंच नाही. म्हणून सहा महिन्यांनी मी मलाही घडवली आणि तिच्यासमोर उभी केली. त्यात माफी मागण्याचं एक बटण आहे. ते दाबलं की ती मान खाली घालून काहीबाही बडबडायची. त्या लोकांची भाषा ना मराठी, ना कोंकणी, ना आणखी कुठली. आमच्या डोक्यांवर हिरवी खूण उमटायची, म्हणजे झालं, मिटलं. काय मिटलं? मी पुन्हा दाबायचे. दिवसातून वीस वेळा माझ्या जावेने माझी माफी मागितली आणि एकदाही कशाबद्दल ते सांगितलं नाही. दुधाची तहान ताकावर भागवायला गेले आणि ताकही पाणचट निघालं. दुसऱ्या वर्षी मजा राहिलीच नव्हती. तरी मी बसायचे, कारण न बसले तर ती सुटली असं झालं असतं.

या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी दुपारी खरी जाऊ दोन तवशी, मोठ्या पावसाळी काकड्या, घेऊन आली. आमची बोलचाल कामापुरती असते, पण परसात पिकलेलं वाटायचं सोडलं नव्हतं. मी खेळत होते. झाकायला वेळ मिळाला नाही. तिने तवशी मेजावर ठेवली आणि वाकून पाहिलं. आपली चाल माणसाला स्वतःला दिसत नाही म्हणतात, पण तिने झगा ओळखला.

"ही हांव?" ही मीच ना, असं तिने विचारलं.

मी हो म्हटलं. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. उलट इतकी वर्षं वाट पाहिलेलं माणूस दारात आल्यासारखं झालं. तिने विचारलं, ही काय करते आहे. मी सांगितलं, माफी मागते आहे. तिने विचारलं, कसली. तेव्हा मी सांगितलं. सुतक, पोतं, उंबरा, सगळं. आवाज चढवला नाही. दोन वर्षं घोकलेलं होतं, आपोआप बाहेर आलं.

ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "तीन दीस हें माका खबर आसलें. तुज्या बापायचें पोतें सोडलें आनी म्हज्या पोटांत दुखलें. म्हज्या म्हायेरचो कोण कदींच कांय घेवन आयलो ना."

झालं. तीनच दिवस हे तिला ठाऊक होतं, पोटात दुखलं ते माझ्या बापाच्या पोत्यामुळे. जे बटणाने हजार वेळा दिलं नव्हतं, ते मिळालं. मला वाटलं होतं तसं काही हलकं वाटलं नाही. बंद खोलीत मला एकटीला सांगितलेली कबुली मला नको होती. वाहवा तिने वाड्यासमोर घेतली होती. मी म्हटलं, यंदा पाळी आमची आहे. चवथीला तू इथे बसायचं आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, त्या वर्षीची माटोळी कुणाची होती ते. ती म्हणाली, सांगेन.

सांगितलं तिने. चवथीच्या सकाळपासून ती माटोळीखाली पाट टाकून बसली. पहिल्या आलेल्या शेजारणीला म्हणाली, दोन वर्षांमागे वाखाणली ती माटोळी हिच्या वडिलांची, पाळीही हिचीच, मी खोटं सांगून घेतली. शेजारीण कावरीबावरी झाली. प्रसादाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, देताना मी कान तिकडेच ठेवले होते. दुसरं कुटुंब आलं, पुन्हा तेच. दिराचं तोंड उतरलं. नवऱ्याने मला आत बोलावून म्हटलं, आता पुरे कर. मी म्हटलं, तुम्हाला सण नासायची एवढी काळजी त्या वर्षी कुठे होती? दुपारपर्यंत तिचा घसा बसला, तरी मी तिला उठू दिलं नाही. खेळात कंटाळा आला होता, इथे एकदाही आला नाही. प्रत्येक वेळी तेवढंच गोड लागलं.

तिसऱ्या प्रहरी वाड्यावरची एक म्हातारी आली. ती बहिरी, एका वाक्यावर तिचं भागेना. कोण आलं होतं, कसं आणलं, असं खोदून विचारू लागली. जाऊ तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगू लागली. "म्हातारो हांगाच भायर, बाल्कांवार बसलो. एकेक फळ भायर काडून माका दाखयलें. कवंडळां हातांत घेतलीं आनी म्हणालो, हीं मदीं बांद. ल्हान आसतना ती हाचीं माणसां करून घर-घर खेळटाली."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. लहानपणी कवंडळांची, त्या तांबड्या रानफळांची, माणसं करून घर-घर खेळल्याचं मला आठवत नाही. बाबांना आठवत होतं आणि ते त्यांनी जाण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, हिला. दोन वर्षं ते हिच्यापाशी पडून होतं.

म्हातारी गेल्यावर पुढचे लोक आले. जावेने पहिलंच, ठरलेलं, तेवढंच सांगितलं. बाबांचं बोलणं पुन्हा काढलं नाही. मी दाराशी थांबून वाट पाहिली. त्यांच्या मागून आलेल्यांनाही तिने तेवढंच सांगितलं. शेवटी घर रिकामं झालं तेव्हा मीच तिच्यासमोर जाऊन बसले. दिवसभर मी तिला बोलायला लावलं होतं, आता मला मागावं लागत होतं.

"वैनी, आनीक कितें म्हणालो बाबा?"

तिने समईची वात सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उदक मागलें. हांव रागान भितर गेलें आनी मुद्दाम कळाव केलो. तांब्यो घेवन भायर आयलें, तेन्ना तो बशीक गेल्लो."

बाबांनी पाणी मागितलं, हिने मुद्दाम उशीर लावला आणि ते तहानलेलेच बस पकडायला गेले, हे तिने सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

मी उठून आत गेले, तांब्या भरला आणि तिच्यापुढे आणून धरला. तिने दोन घोट घेतले आणि खाली ठेवायला लागली. मी म्हटलं, सगळं पी. मी समोर उभी राहिले आणि ती सगळं प्यायली.