रायफलीवरच्या अक्षता

खोबरेल तेल आणि जुने अक्रोडाचे लाकूड यांचा एकत्र वास आला, की ते प्रकरण आजही माझ्यासमोर उभे राहते. डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होते. ऑक्टोबर सरत आला होता. मेपलची पाने इतकी हळुवार उतरत होती, की गाडी चालवतानाही आवाज करू नये असे वाटे.

तक्रार एका मराठी घरातून आली. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले काका, काकू, आणि तळघरात भाड्याने राहणारी नागपूरची एक विद्यार्थिनी. काकांची शिकारीची रायफल कपाटातून नाहीशी झाली होती. तक्रारदार त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, सुट्टी काढून दुसऱ्या शहरातून आलेला.

"इट्स अ वॉर रायफल, मॅम. कलेक्टर्स हजारो देतात," तो म्हणाला. "आणि खालच्या मुलीकडे घराची की आहे."

काकांना विचारले. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "असेल." काकूंनी चहा पुढे केला, पण डोळे वर उचलले नाहीत. रायफल काकांनी फॅक्टरीतल्या मित्राकडून घेतलेली. पावती नव्हती, नंबर कोणी टिपला नव्हता. होता फक्त दसऱ्याचा एक फोटो: पाट, झेंडू, रायफल आणि तिला लावलेले कुंकू.

मुलीला स्टेशनवर बोलावून तिचा जबाब घेतला.

"मॅडम, मी गनला हातसुद्धा लावलेला नाही. रेकॉर्डवर नाव आलं तर माझा व्हिसा गेला. आईबाबांना काय सांगू मी?"

गुन्हेगार वेळेबद्दल बोलतो, जागेबद्दल बोलतो. ही फिरून फिरून आईबाबांवर येत होती. पण अशा निरीक्षणाला कोणी पुरावा म्हणत नाही. किल्ली तिच्याकडे होती, संधी होती, आणि मुलगा रोज फोन करून विचारत होता, "चार्ज कधी करताय?"

तशात आमच्या मुद्देमाल विभागातून निरोप आला: तुमच्या वर्णनाची एक रायफल इथेच पडून आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका चर्चच्या पार्किंगमध्ये आम्ही लोकांकडून त्यांना नको असलेली शस्त्रे जमा करून घेतली होती. तिथे देणाऱ्याचे नाव विचारत नाहीत. त्या ढिगात ती सापडली होती.

आमच्या शस्त्रतज्ज्ञाने ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून बोट फिरवत तो बोलू लागला. "मूळची लष्कराची. लष्कराने विकून टाकली, मग कोणा शिकाऱ्याने घरच्या गॅरेजमध्ये पुढचं लाकूड कापलं, नेम धरायची लष्करी साइट काढली, दुर्बिणीसाठी भोकं पाडली. किती देखणी केलीय बघ! आणि नेमकी तिथेच किंमत गेली. संग्राहकाला हात न लावलेली हवी असते. हिचे दोन-तीनशे डॉलर, तेही गिऱ्हाईक भोळं असेल तर."

मी खाली वाकले आणि तो वास आला. दस्त्याला खोबरेल चोळलेले होते. स्क्रूच्या खाचेत कुंकू होते, जुने आणि काळपट. त्याच्यावर नवे, लालबुंद. ट्रिगरभोवतीच्या कडीत हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा चिकटला होता.

"हा कचरा साफ करू?" त्याने विचारले.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

चोर कुंकू लावून, अक्षता वाहून शस्त्र पोलिसांच्या स्वाधीन करीत नाही.

त्याच दुपारी मी त्या घरी गेले. मुलगा बाहेर गेला होता. "काकू," मी म्हटले, "देण्याआधी तुम्ही तिची उत्तरपूजा केलीत ना?"

त्या गॅस बंद करून माझ्याकडे वळल्या. "तू आमच्यातलीच, म्हणून कळलं तुला. हे झोपत नाहीत गं, रिटायर झाल्यापासून. एका पहाटे पाहिलं, तर कपाट उघडून तिच्यासमोर नुसते बसलेले. मुलाला काय सांगू? बाबांना वेड लागलंय म्हणू? दिली नेऊन. इतकी वर्षं पुजलेली, तशीच कशी द्यायची?"

"आणि त्या मुलीवर आळ आला तेव्हा?"

"रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. तोंडच उघडेना."

मुलीला तिथूनच फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "थँक्यू मॅडम, पण उद्या माझी मिडटर्म आहे, मी ठेवते." प्रकरण बंद झाले. काकांवर पुढे उपचार झाले. आता ते काकूंबरोबर रोज तळ्यापर्यंत चालत जातात.

त्या फाइलमध्ये रायफलीची लांबी होती, बनावट होती, बाजारभावही होता. काकांविषयी एक ओळ नव्हती. हरवलेली वस्तू नोंदवायला माणसे लगेच येतात; डोळ्यांदेखत हरवत चाललेले माणूस कुठे नोंदवावे, हे त्यांना कळत नाही. तेव्हापासून कोणत्याही घरात गेले, की कोण बोलत नाही, हे मी आधी पाहू लागले.

त्या दुपारी निघण्यापूर्वी मी काकांच्या शेजारी बसले. बाहेर पाने उतरत होती.

"काका, जगणं नकोसं होतं का?"

काकूंचा हात बशीवर तसाच थांबला. काकांनी पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली. हे कोणीतरी विचारावे म्हणून कित्येक महिने थांबल्यासारखे, अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले,

"होतं."