रूबेन टार्व्हरचे अडतीस यार्ड

लोरीन स्टकीला राग आला की ती पेन्सिली तासायला बसायची. त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधीच तिच्या अकरा पेन्सिली तासून झाल्या होत्या, आणि बारावीचं टोक तिसऱ्यांदा मोडलं होतं.

समोर ब्रेंट हॅस्किन्स उभा होता. कॉलेजच्या क्रीडा विभागाचा नवा प्रमुख, वय छत्तीस, दात पांढरेशुभ्र. त्याच्या हातात एक पत्र होतं.

"मिस लोरीन, फक्त सही हवीये. शुक्रवारच्या समारंभाच्या जेवणात आपण केडचा विक्रम जाहीर करतोय."

"वाचल्याशिवाय मी पाण्याच्या बिलावरसुद्धा सही करत नाही रे बाळा," लोरीन म्हणाली. आणि हे खरंच होतं, कारण तीस वर्षं तिने टिलमन गावच्या पाणीपट्टीच्या खिडकीत काढली होती. पण ती पोटासाठी. जीव होता तो शनिवारात. शनिवारी स्टेडियमच्या वरच्या खोलीत दुर्बीण, पेन्सिल आणि तक्ते घेऊन ती बसायची आणि बेलफोर्ड कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या खेळाचा, एकेक यार्ड लिहून ठेवायची. कोण किती पळाला, कोणी किती फेकला, कोण किती मागे ढकलला गेला. सत्तेचाळीस वर्षांत दोन सामने चुकले. एक मुलीच्या जन्माला आणि एक नवऱ्याला पुरलं त्या दिवशी. तिच्या तक्त्यात चूक निघाली असं कधी झालं नव्हतं, आणि हे ती समोरच्याला ऐकवल्याशिवाय सोडायची नाही.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीला पहिल्यांदा चेंडू हाती घेणारा, संघ चालवणारा गडी. पत्रात लिहिलं होतं: बेलफोर्डच्या क्वार्टरबॅकने पळून मिळवलेले सर्वाधिक यार्ड, केड लॅंगफर्ड, २३०४. आधीचा विक्रम, रूबेन टार्व्हर, १९७८ ते ८०, २२९७.

"सात यार्डांनी," लोरीन म्हणाली. "आणि गुडघे?"

"कसले गुडघे?"

"अरे, खेळ बघतोस की नुसते हात हलवत फिरतोस? सामना जिंकत आला की शेवटच्या मिनिटाला क्वार्टरबॅक चेंडू घेतो, दोन पावलं मागे येतो, गुडघा टेकतो. घड्याळ पळतं, सामना संपतो. पण चेंडू मागे आला ना? ते एकदोन यार्ड वजा व्हायला हवेत. कुणाच्या नावावर? हल्ली ते संघाच्या नावावर वजा होतात, पोराच्या नाही. केडचे असे चौदा यार्ड मी स्वतः संघाच्या नावावर टाकलेत. पण रूबेनच्या वेळी ते त्याच्याच नावावर वजा झाले."

"तेव्हा पद्धतच तशी होती."

"मग दोघांना एकच पद्धत लाव! जुनी लावलीस तर केड २२९०वर येतो, रूबेन पुढे. नवी लावलीस तर रूबेनचे यार्ड वाढतात, तरी रूबेनच पुढे. केड जिंकतो कधी? एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावलं तरच!"

ब्रेंटने दात दाखवले. "मिस लोरीन, केडच्या आजोबांनी नवा स्कोअरबोर्ड दिलाय. पुस्तिका छापून झाल्यात. आणि जुना काळ नव्या नियमाने मोजायचा नाही हे ठरलंय. हां, नोंद करणाऱ्याचीच चूक असेल तर तो सही करून दुरुस्त करू शकतो, कधीही. पण तुमच्या हातून चूक? छे!" आणि तो हसला.

लोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पत्र त्याच्या खिशात खुपसलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

बुधवारी सकाळी तिने पलंगाखालून जुन्या तक्त्यांचे खोके ओढून काढले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. रूबेन किती वेळा गुडघ्यावर बसला हे मोजून त्या हसऱ्याच्या तोंडावर मारायचं, एवढंच मनात होतं. तीन हंगामांत तेवीस वेळा. अडतीस यार्ड. तेवीस वेळा पोराने सामना जिंकून दिला, आणि तेवीस वेळा त्याच्याच नावातून कापलं गेलं! लोरीन एकटीच मोठमोठ्याने बोलत होती. "नालायक! सगळे एका माळेचे मणी!"

मग १९७७चा तक्ता हाती आला. तिचा पहिलाच हंगाम, तेव्हा ती वीस वर्षांची. क्वार्टरबॅक होता डिकी सोवेल, प्रशिक्षकाचा भाचा. शेवटचं मिनिट, डिकीचा गुडघा, उणे दोन. आणि पुढे, तिच्याच गोल गोल अक्षरात: संघ.

तिने दुसरा तक्ता काढला. संघ. तिसरा. संघ.

आता तिला आठवलं. स्टेडियमच्या वरच्या खोलीतला, आकडे नोंदवून घेणारा तेव्हाचा साहेब म्हणाला होता, "डिकीच्या नावावर कशाला घाण, संघाच्या नावावर टाक." तिने टाकलं. पुढच्या वर्षी रूबेन आला, बेलफोर्डचा पहिला काळा क्वार्टरबॅक. त्याने पहिल्यांदा गुडघा टेकला तेव्हा साहेब कॉफी आणायला गेला होता. कुणी काही सांगितलं नव्हतं. पेन्सिल तिच्या हातात होती, डिकीचं तिला चांगलं आठवत होतं, आणि तिने लिहिलं: टार्व्हर, उणे दोन. पुढे बावीस वेळा तेच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आणि कालपासून ती ब्रेंटला मापांवरून शिकवत होती!

ओव्हनमध्ये ठेवलेली बिस्किटं करपली. तिला वासही आला नाही.

रूबेन टार्व्हर गावाच्या खालच्या अंगाला राहायचा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आता शेडमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. दुपारी लोरीन तिथे उभी राहिली तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"मिस लोरीन. यंत्र बिघडलंय?"

तिने एक डिकीचा आणि एक त्याचा, असे दोन तक्ते पुढे धरले. शब्द जुळवून आली होती, ते सगळे वाटेतच सांडले. "रूबेन, हे बघ. माझी चूक झालीय. अडतीस यार्ड—"

"माहितीये मला."

"काय?"

"दर रविवारी पेपरात आकडे यायचे. माझी आई पेन्सिल घेऊन बसायची. पळालो किती ते तिने मैदानात बोटांवर मोजलेलं असायचं. डिकीचे गुडघे कुठे गेले तेही तिला माहीत होतं. ती म्हणाली, जाऊन विचार. मी म्हणालो, विचारलं तर संघातून काढतील." त्याने पाना यंत्रावर आपटला. "आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. आणि तुम्ही आज आलात. का? तो लॅंगफर्डचा पोरगा पुढे जातोय म्हणून?"

"मी दुरुस्त करते. सही करते. नोंदणाऱ्याची चूक म्हणून—"

"चूक?" रूबेनचा आवाज चढला. "तेवीस वेळा होते ती चूक? एकदा झाली असती तर म्हणालो असतो, पोरगी नवी आहे, चुकली. चूक लिहायची असेल तर राहू द्या. असलं दान मला नको. न्या ते कागद."

लोरीन घरी आली आणि दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. राग कुणाचा आला होता? त्याचा? छे! त्याच्यावर रागवायला तोंड कुठे होतं तिला. सत्तेचाळीस वर्षं जे नाक वर करून फिरली ते नाक तिला आता स्वतःलाच ओरबाडावंसं वाटत होतं. गावात तिचं नाव होतं ते एवढ्यावरच: लोरीनचा आकडा म्हणजे आकडा. हे कागद उघड केले की तेही जाणार. न करावे तर शुक्रवारी टाळ्यांच्या कडकडाटात रूबेनचं नाव पुसलं जाणार, पुन्हा तिच्याच हाताने.

गुरुवारी ती ब्रेंटच्या खोलीत शिरली. दुरुस्तीचं पत्र लिहूनच आणलं होतं. त्याने वाचलं आणि त्याचे दात पहिल्यांदा मिटले.

"मिस लोरीन, हे... ठीक आहे, नोंदणाऱ्याची दुरुस्ती, मान्य करावीच लागेल. पण हा शब्द काढू या. 'जाणूनबुजून'च्या जागी 'नजरचुकीने' घालतो. तुमची अब्रू राहील, कॉलेजचीही."

"माझी नजर तेव्हाही चांगली होती. शब्द राहील."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायला हवं होतं १९७८ साली, तेच! उशीर झालाय, म्हणू दे!" ती टेबलावर हात आपटत ओरडली. बाहेरच्या खोलीत टंकलेखन थांबलं. "एक अक्षर बदललंस ना ब्रेंट, तर शुक्रवारी मी खुर्चीवर उभी राहीन आणि माईकवरून वाचीन. मग केडच्या आजोबांना भाजलेल्या मांसाबरोबर हेही वाढ."

शब्द राहिला. शुक्रवारी केडला टाळ्या मिळाल्या, पण विक्रमाच्या नाहीत. लोरीनशेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. जिच्याबरोबर ती वीस वर्षं चर्चमध्ये एकाच बाकावर बसली ती बाई लांबून गेली, पण पेकनच्या दाण्यांचा गोड 'पाय' वाढून घ्यायला मात्र थांबली.

सोमवारी विक्रमांच्या पुस्तकाचं नवं पान छापून आलं. लोरीन ते घेऊन पुन्हा त्या शेडमध्ये गेली. रूबेनने हात पुसले, चष्मा चढवला आणि पान उजेडात धरलं. रूबेन टार्व्हर, २३३५, आणि आकड्यावर तळटीपेची एक बारीक फुली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: यातले अडतीस यार्ड नोंद करणाऱ्या व्यक्तीने जाणूनबुजून वजा केले होते. लोरीन स्टकी.

इतकी वर्षं तिने ते पुस्तक लिहिलं, पण त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. आता ते एका ठिकाणी आलं होतं.

रूबेनने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि पानाच्या कडेला बेरीज केली. २२९७ आणि ३८. दोनदा केली. लोरीन उभीच होती. काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ती थांबली होती, हे तिला स्वतःलाही कळत होतं.

"बेरीज बरोबर आहे," रूबेन म्हणाला. त्याने पान घडी करून आईच्या फोटोमागे खोचलं आणि तो पुन्हा यंत्राकडे वळला.